खाली किती खोल आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक जुनी जनहित याचिका पुन्हा सुनावणीला आली आणि पुढचे चार दिवस ज्याला त्याला फाशीवर बोलायचं होतं. याचिका २०१७ची. मागणी अशी की गळ्यात फास अडकवून मारण्याची पद्धत बंद करा, इंजेक्शनसारखी कमी त्रासाची पद्धत आणा, निदान कैद्याला दोहोंतून निवडू तरी द्या. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की हा धोरणाचा विषय आहे आणि असा पर्याय देणं व्यवहार्य नाही. काळ बदलला तरी सरकार बदलायला तयार दिसत नाही, अशा अर्थाची नाराजी खंडपीठाने व्यक्त केली. घडलं एवढंच. पण त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचून मी फोन पालथा ठेवला. एकाने लिहिलं, ‘लेकरांना मारणाऱ्यांना इंजेक्शन? वर एसी पण लावून द्या.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘सुधारलेल्या जगात कुठे उरलीय हो फाशी? आपण अजून मध्ययुगात.’ (जपान आणि सिंगापूर आजही फाशीच देतात, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.) तिसरे निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘फाशीत माणसाला काही कळतच नाही, सेकंदात खेळ खल्लास.’ गंमत म्हणजे पहिल्याने तिसऱ्याला ताबडतोब अंगठा दिला. एकाला कैद्याला यातना व्हायला हव्यात, दुसरा म्हणतो यातना होतच नाहीत, आणि दोघं एकाच बाजूला! टीव्हीवरच्या चर्चेतही हेच, फक्त आवाज मोठा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फाशी वेदनारहित आहे, हे विधान दोराबद्दल नाही. ते एका हिशेबाबद्दल आहे, आणि तो हिशेब कुणी, कसा, किती वेळा बरोबर केला याबद्दल आहे. त्या हिशेबाचा पुरावा आपल्याकडे कधी गोळाच झालेला नाही. इंजेक्शनवाल्यांकडेही तो नाही. त्यांच्याकडे फक्त पांढरी चादर आहे. त्यामुळे ‘कोणती पद्धत कमी त्रासाची’ हा प्रश्न दोन्ही बाजू ज्या थाटात विचारतात, त्या थाटात त्याला उत्तरच नाही. ज्याला मृत्युदंड ठेवायचा आहे त्याने तो वेदनेची जबाबदारी अंगावर घेऊन ठेवावा. ‘काही कळत नाही’ ही भूल कैद्यासाठी नसते, ती आपल्याला दिलेली असते.

काही वर्षांपूर्वी पोर्ट ब्लेअरला गेलो होतो. मराठी माणूस तिथे गेला की सेल्युलर जेलला जातोच. सावरकरांची कोठडी बघून झाली की लोक खाली फाशीघरात येतात. छताच्या तुळईला ओळीने तीन फास, खाली फळ्या, बाजूला खटका, आणि फळ्यांच्या खाली एक खोली. आमच्या पुढे तिसरी-चौथीतला एक मुलगा होता. मोठी माणसं फासांचे फोटो काढत होती. तो मात्र ओणवा होऊन फळ्यांच्या फटीतून बघत होता आणि त्याने विचारलं, ‘खाली किती खोल आहे?’ गाइड पाठ केलेल्या वाक्यावर होता, तो थांबला नाही. पण त्या खोलीतला कामाचा प्रश्न तेवढाच होता. फाशीचं सगळं शास्त्र, त्याला शास्त्र म्हणायचंच असेल तर, त्या एका प्रश्नाभोवती फिरतं.

कारण शतकानुशतकं फाशी म्हणजे माणसाला शिडीवरून किंवा गाडीवरून ढकलायचं आणि तो मरेपर्यंत बघत राहायचं. लंडनमध्ये त्याला गर्दी जमायची, खाद्यपदार्थ विकले जायचे. मरायला किती मिनिटं लागतील ते नशिबावर. नातेवाइकांना पुढे येऊन पाय ओढू देत, आणि ती दया समजली जाई. १८६६ मध्ये डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन नावाच्या विद्वानाने या प्रकाराकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने बघितलं. पुरेशा उंचीवरून माणूस पडला तर मान मोडेल आणि गुदमरण्याआधीच सगळं संपेल, असा त्याचा मुद्दा. विल्यम मारवुड नावाच्या इंग्रज चांभाराने १८७२ पासून तो प्रत्यक्षात आणला. प्रत्येक कैद्याचं वजन बघून उंची ठरवायची. ‘लांब पडाव’ म्हणता येईल अशी ही पद्धत आपल्याकडे इंग्रजी राज्याबरोबर तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून आली आणि आजही तीच आहे. लोकांना वाटतं फाशी ही फार पुरातन गोष्ट. आपण जी देतो ती रेल्वेपेक्षाही अलीकडची आहे.

आणि तिच्या जन्मापासून तिच्यासोबत एक अडचण आहे. उंची कमी पडली तर मान मोडत नाही, माणूस गुदमरतो. जास्त झाली तर मुंडकं धडापासून वेगळं होतं. मधली जी पट्टी आहे ती अरुंद आहे, आणि ती प्रत्येक शरीरात वेगळ्या जागी असते. वय, मानेचे स्नायू, जुना आजार, फास सरकला की नाही, यातलं काहीच वजनकाट्यावर दिसत नाही. १८८५ हे एकच साल बघा. फेब्रुवारीत एक्सेटरच्या तुरुंगात जॉन ली नावाच्या कैद्याला तीनदा फळीवर उभं केलं आणि तिन्ही वेळा फळी उघडलीच नाही; शेवटी त्याची फाशी रद्द झाली. नोव्हेंबरात नॉर्विचला रॉबर्ट गुडेल नावाच्या माणसाचं शिर तुटलं. इंग्लंडात ओरड झाली, १८८६ मध्ये लॉर्ड ॲबरडेअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १८८८ मध्ये अहवाल दिला. पुढे गृहखात्याने वजन आणि पडण्याच्या उंचीचा तक्ता १८९२ मध्ये काढला आणि १९१३ मध्ये तो पुन्हा बदलला. म्हणजे जगातलं सर्वांत सराईत फाशीखातं स्वतःच्याच आकड्यांवर समाधानी नव्हतं. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात जुन्या फाशी गेलेल्या ३४ कैद्यांचे अवशेष तपासले गेले. मानेच्या मणक्याचा जो विशिष्ट अस्थिभंग वैद्यकाच्या पुस्तकांत फाशीच्याच नावाने ओळखला जातो, तो त्यांच्यातल्या मोजक्यांमध्येच सापडला. मणका न मोडताही मज्जारज्जू तुटू शकतो, हे खरं. पण ‘मान मोडते आणि संपतं’ हे वाक्य आपण जितक्या खात्रीने बोलतो, तितकी खात्री त्या हाडांनी दिलेली नाही.

हाडं परदेशातली म्हणून सोडून द्यायची असतील तर घरची उदाहरणं आहेत. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना एकाच वेळी फाशी दिली. ज्यांच्यापुढे त्यांचं अपील चाललं त्यांपैकी एक न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की आपट्यांचा जीव जवळजवळ लगेच गेला. गोडशांच्या शरीरात मात्र सुमारे पंधरा मिनिटं हालचाल दिसत राहिली. शुद्ध तत्काळ हरपली होती, असंही खोसला म्हणतात. असेलही. पण हे बाहेरून कसं कळतं? ३१ जानेवारी १९८२ला तिहारमध्ये गीता आणि संजय चोप्रा या भावंडांचे खुनी बिल्ला आणि रंगा फासावर गेले. तिहारच्याच एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहिलं आहे की बिल्ला लगेच गेला, पण दोन तासांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रंगाची नाडी लागत होती. जागा तीच, सकाळ तीच, नियमपुस्तक तेच, आणि शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचे दोन वेगळे मृत्यू. नाडी चालू आहे म्हणजे वेदना चालू आहे असं नाही, हे मला मान्य आहे. मेंदू बंद पडल्यावरही हृदय काही काळ धडधडत राहतं. पण दोन तास हा ‘सेकंदात खेळ खल्लास’चा पुरावा म्हणून कुणी देणार नाही. दुसऱ्या टोकाचं उदाहरण बगदादचं. जानेवारी २००७ मध्ये सद्दाम हुसेनच्या सावत्र भावाला, बरझान तिक्रितीला, फाशी देताना त्याचं शिर तुटलं. नॉर्विचच्या त्या घटनेला तेव्हा एकशे एकवीस वर्षं उलटली होती. चूक तीच.

आता आपल्या न्यायालयाकडे येऊ. फाशीची पद्धत घटनेला धरून आहे की नाही, यावरचा मुख्य निकाल सप्टेंबर १९८३चा, दीना विरुद्ध भारत सरकार. खंडपीठाच्या प्रमुखपदी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. (त्यानंतर दोनच महिन्यांनी, २७ नोव्हेंबरला, येरवड्यात जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना फाशी झाली. पुण्यात त्या काळात संध्याकाळी सात नंतर दारं उघडत नसत, हे ज्यांना आठवतं त्यांना त्या बातमीने काय वाटलं असेल ते मी समजू शकतो.) त्या निकालात एक फार मोलाची गोष्ट आहे जी चर्चेत कुणी काढत नाही: पद्धत न्याय्य आणि वाजवी आहे हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयाने सरकारवर टाकला. कैद्याने वेदना सिद्ध करायची नाही, सरकारने तिचा अभाव सिद्ध करायचा. इथपर्यंत उत्तम. पण मग तो भार उतरवायला आधार कशाचा घेतला? मोठ्या प्रमाणात ब्रिटनच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे १९४९ ते १९५३ या काळात काम केलेल्या आयोगाचा. त्या आयोगापुढे साक्षी झाल्या त्या ब्रिटिश जल्लादांच्या आणि ब्रिटिश तुरुंगाधिकाऱ्यांच्या. अल्बर्ट पिअरपॉइंटने शेकडो माणसं फाशी दिली होती. तो कोठडीच्या झरोक्यातून कैद्याकडे एक नजर टाकायचा आणि हिशेब करायचा. त्याच्या हाताच्या सफाईवरून आपण तिहारच्या खटक्याची परीक्षा केली. कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाचं वजन दाखवून गावातल्या पोराला कुस्तीत उतरवण्यासारखंच हे.

आणि सराव? २००० सालापासून आजवर भारतात आठ जणांना फाशी झाली. धनंजय चटर्जी २००४ मध्ये कोलकात्यात, कसाब २०१२ मध्ये येरवड्यात, अफजल गुरू २०१३ मध्ये तिहारमध्ये, याकूब मेमन २०१५ मध्ये नागपुरात, आणि २० मार्च २०२०ला तिहारमध्ये निर्भया प्रकरणातले चौघे. त्या चौघांसाठी मेरठहून जल्लाद बोलवावा लागला. दोर बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगात वळला जातो. वाळूची पोती टांगून रंगीत तालीम होते. वाळूच्या पोत्याला मान नसते. पंचवीस वर्षांत आठ. एवढ्या कामावर कुठल्याही हाताला सफाई येत नाही. आपल्या गावचा न्हावीसुद्धा चार महिने कात्री न धरता आला तर आपण खुर्चीत बसायला कचरतो. कृपया याचा अर्थ असा कुणी घेऊ नये की सराव वाढवा. मी एवढंच म्हणतोय की ज्या कौशल्यावर वेदनारहित असल्याचा दावा उभा आहे ते कौशल्य, सुदैवाने, आपल्याकडे तयारच झालेलं नाही.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप येतो तो ग्रुपवरच्या पहिल्या गृहस्थांचा, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलीला त्या बसमध्ये जे भोगावं लागलं, तिच्या वेदनेची मिनिटं कुणी मोजली? मग गुन्हेगाराच्या मानेचा एवढा कळवळा का? जिच्या घरात हे घडलं त्या आईने हा प्रश्न विचारला तर मी तिच्यासमोर ॲबरडेअर समिती काढणार नाही, मान खाली घालीन. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी कायद्याचं एक वाक्य वाचावं. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं की मृत्युदंड झालेल्याला मरेपर्यंत गळ्याने लटकवावं. १९७३ मध्ये नवी संहिता आली, वाक्य तेच. २०२३ मध्ये वसाहतवादाची छाप पुसायची म्हणून सगळी संहिता नव्याने लिहिली, नाव बदललं, कलमांचे क्रमांक बदलले. ३५४(५)चं ३९३(५) झालं, वाक्य तेच. (जुनी संहिता १ जुलै १८९८ला लागू झाली होती, नवी १ जुलै २०२४ला. छाप पुसायला तारीखसुद्धा तीच मिळाली.) या तिन्ही वाक्यांत ‘मरेपर्यंत’ आहे. ‘तडफडून’ कुठेच नाही. शिक्षा जीव घेण्याची आहे, त्याआधी काही मिनिटं भोगायला लावण्याची नाही. भोगायला लावायचं असेल तर न्यायाधीशाने ते निकालपत्रात लिहावं, त्यावर सही करावी, आणि अपिलात ते टिकवून दाखवावं. वजनाचा हिशेब चुकला म्हणून गुपचूप मिळालेली यातना हा न्याय नव्हे. तो अपघात आहे आणि तो कुणाच्या वाट्याला यावा हे गुन्ह्याच्या क्रौर्यावर ठरत नाही, मानेच्या जाडीवर ठरतं. बिल्ला आणि रंगाचा गुन्हा एकच होता.

आपल्याकडे एक काळ असा होता की शिक्षेत यातना हवी असेल तर ती उघड दिली जायची. रायगडच्या टकमक टोकावर उभं राहून खाली बघितलं की कडेलोट म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तोफेच्या तोंडी देणं, हत्तीच्या पायी देणं, यातली कुठलीही शिक्षा स्वतःला सौम्य म्हणवत नव्हती. त्या काळाची मला ओढ नाही. पण त्या क्रौर्याला एक गोष्ट करावी लागत नसे: खोटं बोलणं. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकतो. त्यात ते प्रायश्चित्त फार सुखकर पद्धतीने देता येईल, असं शास्त्रीबुवांनी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सरकारी प्रतिज्ञापत्रात मात्र २०१८ मध्ये फाशी ही झटपट आणि साधी पद्धत असल्याचं आणि इंजेक्शन किंवा गोळी घालणं तिच्याहून कमी त्रासाचं नसल्याचं लिहावं लागलं. जरब बसवणारी शिक्षाही हवी आणि ती दुखत नाही असं प्रमाणपत्रही हवं. दोन्ही कसं मिळणार?

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब, कारण इंजेक्शनवाल्यांनाही मी सोडणार नाही. त्यांचा मुद्दा वजनदार आहे हे आधी मान्य करतो. आपल्याच विधी आयोगाने १८७व्या अहवालात, २००३ मध्ये, प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय कायद्यात आणावा अशी शिफारस केली होती. पण गेल्या अडीचशे वर्षांत ‘ही बघा शेवटी माणुसकीची पद्धत सापडली’ असं किती वेळा झालंय? फ्रान्समध्ये गिलोटिन आलं ते डॉक्टर गिलोतँ यांच्या समतेच्या आणि करुणेच्या भाषणातून. १७९२ मध्ये ते वापरात आलं आणि दोनेक वर्षांत त्याच्या नावाने अंगावर काटा येऊ लागला. अमेरिकेत फाशी रानटी म्हणून विजेची खुर्ची आणली. १८९० मध्ये तिच्यावरचा पहिला माणूस, विल्यम केमलर, पहिल्या झटक्यात मेला नाही, दुसरा द्यावा लागला. खुर्ची रानटी ठरली म्हणून इंजेक्शन आलं, १९८२ मध्ये टेक्सासला. २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटला मरायला त्रेचाळीस मिनिटं लागली. मग श्वासातून दिलेला नायट्रोजन. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामात केनेथ स्मिथवर तो पहिल्यांदा वापरला, आणि हा तोच माणूस ज्याची शीर २०२२ मध्ये इंजेक्शनसाठी सापडली नाही म्हणून त्याला कोठडीत परत नेलं होतं. फाशीत कौशल्य दोराचं लागतं, इथे शिरेचं. आणि शीर शोधायची ती कुणी? ज्याला ते येतं तो डॉक्टर म्हणतो माझं काम जीव वाचवायचं, म्हणून ते काम पडतं ज्याला नीट येत नाही त्याच्यावर. वाशीच्या किंवा सोलापूरच्या कुठल्याही रुग्णालयात म्हाताऱ्या माणसाला सलाइन लावताना बघा. तिसऱ्यांदा टोचल्यावर नर्सच वरिष्ठ सिस्टरला हाक मारते. तुरुंगात कुणाला हाक मारणार?

या गोष्टीत आपला एक धागाही आहे. अमेरिकेतल्या तुरुंगांना भुलीचं औषध मिळेनासं झालं, ब्रिटनने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा २०१०-११ मध्ये मुंबईतल्या एका औषध कंपनीने नेब्रास्का आणि साउथ डकोटाच्या तुरुंगांना सोडियम थायोपेंटल विकलं. ते कशासाठी वापरलं जाणार याचा गाजावाजा झाल्यावर तिने हा व्यवहार बंद केला. ज्या इंजेक्शनला आपण इथे पुढारलेपणाचं लक्षण मानतो ते विकायची मुंबईच्या व्यापाऱ्यालाही शेवटी लाज वाटली. शिवाय अमेरिकेतल्या तीन औषधांच्या पद्धतीतला एक घटक स्नायू लुळे करणारा असतो. त्याने माणूस शांत दिसतो. शांत असतो की नाही, हे सांगायला त्याला तोंडच उरत नाही. फास लागल्यावर जे दिसतं ते भयंकर असतं म्हणून तोंडावर काळी टोपी चढवतात. इंजेक्शनमध्ये ती टोपी शरीराच्या आतून चढवतात, एवढाच फरक.

यावर तर्काला धरून एक उत्तर येतं, आणि वकील मंडळी ते चांगलं मांडतात: कायद्याने शून्य वेदनेची हमी कधी दिली? तुरुंगवासही त्रासदायकच. अपरिहार्य तेवढी वेदना असणारच, अनावश्यक नसावी एवढंच बघायचं. २०११ मध्ये जपानच्या ओसाका जिल्हा न्यायालयात हाच प्रश्न आला होता. फाशीत लगेच शुद्ध जाईलच असं नाही, असं ऑस्ट्रियातून आलेल्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने तिथे साक्षीत सांगितलं. न्यायालयाने फाशी कायम ठेवली, पण मृत्युदंडात थोड्या वेदना असणारच आणि त्या घटनेला मान्य आहेत, अशी भूमिका घेऊन. मला तो निकाल पटत नाही, पण त्याचा मी आदर करतो. जे करायचं ते त्याने नाव घेऊन केलं. आपल्याकडेही सरकारने असं म्हणून बघावं की हो, दुखतं, कधी पंधरा मिनिटं, कधी किती ते माहीत नाही, आणि तरीही आम्हाला ही शिक्षा हवी आहे. मग आपण खरं बोलतोय असं तरी होईल. जनतेचा पाठिंबा तेव्हाही राहील कदाचित. राहू दे.

मृत्युदंड रद्द करायला निघालेले लोक मागच्या दाराने येण्यासाठी वेदनेचा मुद्दा काढतात, हा आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. मीही त्याच मताकडे झुकलेला आहे, लपवत नाही. पण पुढचं दार मागचं दार या वादात न पडता दोन्ही पक्षांना मान्य व्हावी अशी एक साधी गोष्ट आहे. २१ जानेवारी २०१४ला शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचं केलं. त्याआधी तुरुंगांच्या नियमपुस्तकांत त्याची सक्ती नव्हती. डॉक्टरने नाडी बघितली, सही केली, झालं. म्हणजे १९४७ पासूनच धरलं तरी शेकडो माणसं या पद्धतीने मारल्यावर ती नेमकी कशाने मेली, मान मोडून की गुदमरून, हे आपल्या व्यवस्थेने पद्धतशीर विचारलंच नव्हतं. आणि याच अज्ञानाच्या जोरावर १९८३ मध्ये पद्धत निर्दोष ठरली. मार्च २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे दीना निकाल देणाऱ्यांच्या मुलानेच, सरकारला विचारलं की फाशीत किती वेळ लागतो, किती वेदना होतात, याची काही शास्त्रीय माहिती आहे का. वडिलांच्या निकालानंतर चाळीस वर्षांनी मुलाला तीच माहिती मागावी लागते, यातच सरकारने तो भार कसा उतरवला होता ते कळतं.

२०१४ च्या त्या आदेशानंतर पाच फाशी झाल्या आहेत. एक नागपूरला, चार तिहारमध्ये. म्हणजे पाच शवविच्छेदन अहवाल असायलाच हवेत, आणि त्यांच्यासोबत वजनाच्या नोंदी, ठरवलेली उंची, फळी उघडल्याची वेळ, डॉक्टरने मृत्यू जाहीर केल्याची वेळ. पाच नमुन्यांवरून शास्त्र उभं राहत नाही आणि हाडांवरून वेदना मोजता येत नाही, हे मलाही कळतं. पण समिती नेमण्याआधी, परदेश दौरे काढण्याआधी, इंजेक्शनचे भाव मागवण्याआधी ते पाच अहवाल एकत्र करून न्यायालयाच्या टेबलावर ठेवावेत. नावं झाकून हवं तर. एका दुपारचं वाचन आहे.